दहा फुटांची छत्री

प्लायवूडची एक फळी विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी ठेवली होती. तिच्यावर सहा-सहा इंचांवर उभ्या रेघा, प्रत्येक रेघेवर एक ठिपका आणि ठिपक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेला आकडा. ठिपके जोडणारी वक्र रेघ डावीकडे जवळजवळ सपाट निघाली होती आणि उजव्या टोकाला चांगलीच वर चढली होती. अण्णांनी ती रेघ डोळा लावून एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून पाहिली. मग भाच्याला म्हणाले, "करवत रेघेच्या बाहेरून चालव. आत शिरलास तर फळी गेली."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'अंगण' हा विषय दिला होता. तुळस, वाळवणं, खाटा, झोपाळे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मला मात्र गावोगावच्या अंगणांत आणि परसांत वीस-पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या पाहायच्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच गंजून गेल्या, काही भंगारात गेल्या. पण एका छत्रीचा मालक ती मोडायच्या ऐवजी वाढवतोय असं कानावर आलं आणि मी जुन्नर तालुक्यातल्या त्या वस्तीवर गेलो.

अण्णा एकेकाळचे केबलवाले. गावात त्यांना सगळे याच नावाने ओळखतात. त्यांची आठ फुटांची छत्री घरामागे, विहिरीच्या वाटेवर, सिमेंटच्या चबुतऱ्यावर उभी आहे. केबलचा सिग्नल आता तारेने शहरातून येतो, त्यामुळे धंद्याला तिची गरज उरली नाही. पण अण्णांना तिच्याकडून अजून काम करून घ्यायचं आहे. भारतातली चॅनेलं तिच्यावर सहज लागतात. अण्णांना हवे आहेत ते आपल्याकडे तोंड नसलेले उपग्रह. त्यांचा झोत रशियावर, मध्य आशियावर नाहीतर आफ्रिकेवर रोखलेला असतो आणि त्याची कड तेवढी जुन्नरवरून जाते. त्यातही कुलूप नसलेली, खुली चॅनेलं. या कडेवरच्या क्षीण सिग्नलसाठी आठ फूट कमी पडतात.

"भाषा कळत न्हाई," अण्णा म्हणाले, "पण आपल्या हातानं तिथून इथं आणलं, ह्ये कळतं."

तिथून म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरून.

आर्वी, खोडद आणि परसदार

या तालुक्याला मोठ्या छत्र्या नव्या नाहीत. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली देशाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उपग्रह-भूकेंद्र सुरू झालं. तिथल्या अँटेनाचा व्यास जवळपास तीस मीटर. त्या काळच्या उपग्रहांचे प्रक्षेपक अगदी थोड्या वॅटचे, म्हणून ऐकणाऱ्याला एवढा मोठा कान लागे. उपग्रहांची ताकद पुढे वाढत गेली तसतशी जमिनीवरची छत्री लहान होत गेली. तीस मीटरवरून दहा-बारा फुटांवर आली, नंतर खिडकीच्या गजाला बांधता येईल एवढी झाली. आकाशात जेवढं कमी, तेवढं जमिनीवर जास्त, हा हिशेब मात्र बदललेला नाही. अण्णांच्या अंगणात तोच हिशेब उलट्या दिशेने चालला आहे. त्यांना हवा असलेला उपग्रह त्यांच्यापुरता कमजोर आहे, म्हणून छत्री मोठी.

आर्वीपासून थोड्या अंतरावर खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. तिच्या तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. एवढी अँटेना भरीव पत्र्याची केली असती तर तिचं वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा रेटा पेलायला लागणारं लोखंड परवडलंच नसतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोरांचं ताणलेलं जाळं उभं केलं आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी बसवली. मध्यभागी तिची भोकं दहा मिलिमीटरची, मग पंधराची, काठाकडे वीसची. बाहेरून पाहणाऱ्याला जाळीतून पलीकडचा डोंगर दिसतो. रेडिओ तरंगाला मात्र ती भिंत असते. भोक तरंगाच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असलं की तरंगाला ते जवळपास जाणवत नाही. जीएमआरटी जे सर्वांत आखूड तरंग ऐकते ते सुमारे एकवीस सेंटिमीटरचे. वीस मिलिमीटरचं भोक त्यांना चालतं.

अण्णांच्या छत्रीचा पट्टा सी-बँड, म्हणजे ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ. तरंगाची लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून भोक साडेसात मिलिमीटरच्या आत हवं. या भागात पोल्ट्री पुष्कळ, कोंबड्यांची अर्ध्या इंची जाळी कुठेही मिळते आणि स्वस्त पडते. वाढवायच्या कडेला ती लावावी असं भाच्याचं म्हणणं होतं. अण्णांनी ऐकलं नाही. अर्ध्या इंचातून थोडा सिग्नल मागे निसटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खालच्या तापलेल्या जमिनीचा रेडिओ गोंगाट त्याच वाटेने वर येतो. जुन्या छत्रीवर आहे तशीच बारीक अॅल्युमिनियमची जाळी त्यांनी पुण्याहून आणली.

कोंबडीच्या जाळीचाही एक मान आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतात 'साइट' हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचली. तिथे उभ्या केलेल्या अँटेना दहा फुटांच्या आणि जाळी कोंबडीचीच. सिग्नल ८६० मेगाहर्ट्झचा, तरंग पस्तीस सेंटिमीटरचा, त्यामुळे ती जाळी अगदी योग्य होती. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण इंग्लंडमधल्या शेफील्डला स्टीव्हन बर्किल नावाच्या अभियंत्याने घरी जुळवलेल्या अँटेनावर भारतातल्या खेड्यांसाठी सोडलेली ही चित्रं पकडली होती. आपल्यासाठी नसलेल्या झोताची कड आपल्या परसात उतरवायचा हा छंद, जो आता अण्णांना आहे, तेव्हापासूनचा.

आपल्याकडे अंगणात छत्री आली ती १९९१ नंतर. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं, सीएनएनवरून ते थेट दिसू लागलं. त्याच वर्षी एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू झाला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही. त्या उपग्रहाची कथा विलक्षण आहे. मुळात तो वेस्टार-६. १९८४ च्या फेब्रुवारीत सोडल्यावर त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो खालच्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणलं. दुरुस्त होऊन नव्या नावाने १९९० साली चिनी अग्निबाणावर तो पुन्हा वर गेला. महाराष्ट्रातल्या वेल्डिंगच्या दुकानांना ग्रिल आणि दारांच्या जोडीला छत्र्यांचं काम मिळालं ते अशा दुरुस्त उपग्रहामुळे. अण्णांची छत्रीही त्याच काळात एका शेडमध्ये तयार झाली. सोळा रिबा, चार गोल कड्या, वर जाळी.

शेवटचा एक फूट

छत्री वाढवायची म्हणजे काठाला फूटभर रुंदीचा पट्टा जोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. व्यास आठाचा दहा होतो, क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त होतं आणि सिग्नलही तेवढाच वाढायला हवा. अँटेनाच्या भाषेत सुमारे १.९ डेसिबल. पण हे सगळं पट्टा योग्य वळणाचा असेल तर.

छत्रीचा आकार अन्वस्ताचा, पॅराबोलाचा असतो. दुरून समांतर आलेला प्रत्येक किरण तिच्यावर कुठेही आपटला तरी एकाच बिंदूत जातो, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळे किरण सारखंच अंतर कापून एकाच वेळी पोहोचतात. अण्णांनी सुरुवात मोजमापाने केली. काठावर आरपार दोरी ताणली, मध्यभागी खोली मोजली. पंधरा इंच भरली. व्यास शहाण्णव इंच. व्यासाचा वर्ग भागिले खोलीच्या सोळापट, म्हणजे फोकस ३८.४ इंचांवर. हा आकडा हाती आला की फळीवरची रेघ काढता येते. मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले फोकसच्या चौपट, तेवढी त्या ठिकाणची उंची. जुन्या काठावर, अठ्ठेचाळीस इंचांवर, पंधरा. चोपन्न इंचांवर एकोणीसला जरा कमी. साठ इंचांवर साडेतेवीसला जरा कमी.

शेवटच्या एका फुटात छत्री जवळपास साडेआठ इंच वर चढते. नेमकं इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक रिबेला सरळ पट्टी वेल्ड करून ती त्याच उतारावर पुढे न्यायची. तसं केलं तर नवा काठ साडेबावीस इंचांवर येतो, हवा त्यापेक्षा इंचभर खाली. डोळ्याला हा फरक दिसत नाही. किरणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेत मात्र त्यामुळे सुमारे तीस मिलिमीटरचा फरक पडतो, आणि साडेसात सेंटिमीटरच्या तरंगाला तो अर्ध्या तरंगाच्या जवळ जातो. अर्ध्या तरंगाने मागेपुढे झालेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये भर घालत नाही, त्यातून वजा होतो. म्हणजे मेहनत करून, पैसे घालून जोडलेल्या पट्ट्याची बाहेरची कड आतल्या छत्रीचीच कमाई खाते. छत्री मोठी केली आणि चित्र होतं त्याहून वाईट झालं, अशी तक्रार करणाऱ्यांच्या छत्रीत बहुधा हेच झालेलं असतं.

म्हणून ती फळी. करवतीने कापून, कानशीने घासून रेघेवर आणली की ती साच्याचं काम करते. अॅल्युमिनियमची प्रत्येक नवी पट्टी तिच्यावर ठेवून हाताने, हळूहळू, लाकडी हातोडीने वाकवायची. पट्टी वाकवली की सोडल्यावर थोडी परत उलगडते, त्यामुळे जराशी जास्त वाकवावी लागते. किती जास्त, ते पट्टीच्या जाडीवर आणि हाताच्या सवयीवर. अण्णांनी एक पट्टी वाकवून साच्यावर ठेवली, खाली उजेड दिसतो का पाहिलं, पुन्हा दोन ठोके दिले. भाच्याने ठोकलेल्या पट्ट्यांतल्या काही त्यांनी न बोलता बाजूला काढून ठेवल्या.

दुसरी अडचण रिबांमधल्या अंतराची. सोळा रिबा जुन्या काठावर एकमेकींपासून दीड फुटाहून थोड्या जास्त अंतरावर होत्या. नव्या काठावर ते अंतर जवळपास दोन फूट झालं. दोन रिबांमध्ये जाळी सरळ ताणली जाते, तिला गोलाई राहत नाही. काठावर एवढ्या अंतरात मधोमध पाऊण-एक इंचाची चूक साठते. यावर उपाय म्हणून अण्णांनी नव्या पट्ट्यात प्रत्येक दोन रिबांच्या मध्ये एक आखूड रिब घातली आणि बाहेरून गोल वळवलेल्या नळीची कडी फिरवली. रिबा सोळा होत्या, काठावर बत्तीस झाल्या.

अमेरिकन अभियंता जॉन रूझ यांनी मांडलेलं एक सूत्र अँटेना बनवणारे जगभर वापरतात. पृष्ठभागाची सरासरी चूक तरंगाच्या तुलनेत किती, त्यावरून सिग्नल किती बुडतो ते त्यातून निघतं. छत्रीचा पृष्ठभाग सरासरी तीन मिलिमीटरने इकडेतिकडे असेल तर सी-बँडवर सुमारे पाचवा हिस्सा जातो. तेवढ्याच चुकीच्या छत्रीवर केयू-बँड, म्हणजे घरोघरीच्या छोट्या डिशचा पट्टा लावला, तर जवळपास नऊ दशांश सिग्नल जातो. जाळीच्या मोठ्या छत्रीवर छोट्या डिशची एलएनबी, म्हणजे फोकसवर बसणारी सिग्नल घेणारी डबी, चढवून काही हाती लागत नाही, त्याचं कारण हे.

तीन मिलिमीटर! दहा फुटांच्या, उन्हापावसात उभ्या असलेल्या, हाताने ठोकलेल्या वस्तूत. हे मला त्या अंगणात सर्वांत मोलाचं वाटलं. आपण कारागिरीचं कौतुक करतो ते नक्षी, घडण, कोरीवकाम पाहून, जे डोळ्याला दिसतं त्याचं. या पट्ट्या वाकवणाऱ्या हाताची अचूकता डोळ्याला दिसतच नाही, ती फक्त चार गिगाहर्ट्झच्या तरंगाला कळते. नव्वदच्या दशकात शेकडो वेल्डरांनी या मापाचं काम केलं. त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

पट्टा बसल्यावर दोरीची परीक्षा. काठाच्या समोरासमोरच्या बिंदूंतून चार दोऱ्या ताणायच्या. काठ एका पातळीत असेल तर मध्यभागी सगळ्या एकमेकींना नुसत्या टेकतात. इथे एक दोरी बाकीच्यांपासून बोटभर वर राहिली. छत्री पिळली गेली होती, खुर्चीचा एक पाय आखूड असावा तशी. पाठीमागे तिरकी तार बांधून, तिच्यातला टर्नबकल आवळत आवळत अण्णांनी ती बोटभर फट घालवली. संध्याकाळ झाली होती. चारही दोऱ्या टेकल्या तेव्हाच त्यांनी चहा मागितला.

हॉर्नला किती दिसतं

छत्री वाढवणारे बहुतेक जण इथे थांबतात. खरं तर अर्धं काम इथून पुढे असतं.

फोकसवर बसतो तो फीड हॉर्न, त्याच्या मागे एलएनबी. हॉर्न छत्रीकडे पाहतो, पण त्याची नजर ठरावीक रुंदीची. आठ फुटांच्या छत्रीचा काठ फोकसवरून पाहिला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १२८ अंशांचा कोन होतो. फोकस तिथेच ठेवून काठ दहा फुटांवर नेला की तो कोन १५२ अंशांचा होतो. जुन्या नजरेच्या हॉर्नला नवा पट्टा धड दिसतच नाही. जाळी आहे, वळण बरोबर आहे, पण तिथून आलेला सिग्नल हॉर्न जेमतेम घेतो. छत्री दहा फुटांची, काम आठाचं.

फोकस आणि व्यास यांचं गुणोत्तर आधी ०.४० होतं, आता ०.३२ झालं. हॉर्नभोवती कड्याकड्यांची एक चकती असते, ती पुढेमागे सरकते आणि तिच्या जागेवर हॉर्नची नजर अरुंद-रुंद होते. हॉर्नच्या अंगावर गुणोत्तराच्या खुणा असतात. इतकी वर्षं उन्हात राहून चकतीचा स्क्रू जाम झाला होता. रॉकेल सोडून, थांबून, पुन्हा सोडून तो सुटला आणि चकती ०.३२ च्या खुणेवर आली.

नजर हवी त्याहून रुंद झाली तरी नुकसानच. मग हॉर्न काठाच्या पलीकडची जमीन पाहू लागतो. सी-बँडमध्ये स्वच्छ आकाशाचा गोंगाट अगदी थोड्या केल्विनचा, चांगल्या एलएनबीचा स्वतःचा वीसच्या आसपास आणि जमिनीचा तीनशे. त्या तीनशेतला थोडासा अंश जरी हॉर्नमध्ये शिरला तरी क्षीण सिग्नल त्यात बुडतो. खोल छत्रीचा एक फायदा इथे मिळतो. हॉर्न तिच्या पोटात अधिक आत बसतो आणि काठ त्याला जमिनीपासून आडोसा करतो.

अण्णांना हवा असलेला उपग्रह रशियाचा, एक्स्प्रेस मालिकेतला, ८० अंश पूर्वेचा. सी-बँडवर त्याचे तरंग वर्तुळाकार फिरत येतात. आपल्याकडची एलएनबी सरळ, म्हणजे उभ्या किंवा आडव्या तरंगांसाठी असते. फिरता तरंग तिला अर्धाच मिळतो, तीन डेसिबल तिथेच जातात. छत्री वाढवून मिळालेल्या १.९ पेक्षाही हे जास्त. उपाय म्हणजे हॉर्नच्या नळीत, आतल्या काडीशी ४५ अंशांचा कोन करून टेफ्लॉनची पट्टी बसवायची. ती फिरत्या तरंगाला सरळ करते. बोटभर रुंदीच्या त्या पांढऱ्या पट्टीने जेवढं मिळतं, तेवढं फूटभर जाळीनेही मिळत नाही. मला हे आधी कळलं असतं तर मी जाळीचं काम पाहायला एवढा वेळ थांबलो नसतो, असं मी म्हणालो. अण्णा म्हणाले, "दोनी लागत्यात. एकानं भागत न्हाई."

"आलं का?"

छत्री फिरवणारा एक, टीव्हीसमोर बसलेला दुसरा, आणि मध्ये एक ओरडा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला हा संवाद पाठ आहे. इथे टीव्ही ओटीवर, आणि आकडे वाचायला अण्णांच्या घरच्या काकू. त्या पट्टी नुसती पाहत नाहीत. कुठली पट्टी पाहायची ते त्यांना ठाऊक आहे. सेटटॉप बॉक्सवर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ फसवी. एलएनबीला वीज मिळाली की ती चढते, छत्री कुठेही तोंड करून असो. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते क्वालिटी सांगते.

"आलं का?"

"न्हाई! नुसती वरचीच हालतीया!"

"आता?"

"आलं... आलं... गेलं!"

दहा फुटांच्या छत्रीचा झोत आठ फुटांच्या छत्रीपेक्षा अरुंद, पावणेदोन अंशांच्या आसपास. अंगणात याचा अर्थ असा की नव्या काठाला अंगठ्याच्या रुंदीएवढं ढकललं की एक अंश हलतो. झोत अरुंद असल्यामुळे शेजारच्या उपग्रहाचा गोंगाट कमी होतो, हा फायदा. पण नेम धरणं तेवढंच कठीण होतं. म्हणून खांब ओळंब्यात उभा हवा. खांब कलला असेल तर छत्री आडवी फिरवताना उंचीही बदलते आणि एकाच वेळी दोन गोष्टी शोधत बसावं लागतं.

आधी ओळखीच्या, जोरकस सिग्नलवर लावून घ्यायचं. ९३.५ अंश पूर्वेला भारताचे उपग्रह आहेत. जुन्नरहून ते आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३३ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. होकायंत्र खांबापासून लांब उभं राहून पाहायचं, लोखंड जवळ असलं की सुई वळते. या दिशेला एलएनबीही उभी ठेवून चालत नाही. उपग्रह आपल्या रेखांशापासून जेवढा बाजूला, तेवढे त्याचे तरंग कलून येतात, आणि विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्यांना हा कल मोठा पडतो. इथे तो पंचेचाळीस अंशांच्या जवळ भरतो. कल उलट्या बाजूला दिला तर उभ्याचं आडवं होतं आणि निम्मी चॅनेलं गायब होतात.

तिथून ८० अंशांकडे जाताना छत्री जवळजवळ दक्षिणेला वळते आणि ६६ अंशांपर्यंत मान वर करते. काकूंच्या पट्टीवर बराच वेळ काहीच नव्हतं. मग एकदम क्वालिटी उठली. शिखर शोधायची अण्णांची रीत अशी: सिग्नल सापडला की तो एका बाजूला पडेपर्यंत सरकवायचं, खूण करायची, मग दुसऱ्या बाजूला पडेपर्यंत, पुन्हा खूण, आणि बरोबर मध्ये परत यायचं. आधी आडवं, मग उभं, मग हॉर्न पुढेमागे मिलिमीटर मिलिमीटर. एवढ्यावर ते थांबत नाहीत, सगळं पुन्हा पहिल्यापासून करतात, कारण एक हललं की दुसऱ्याचं शिखर किंचित सरकलेलं असतं. बोल्ट आवळतानाही एक बाजू पुरती आवळायची नाही. आलटून पालटून, पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर काकूंचा आकडा.

टेफ्लॉनची पट्टी बसवूनच आठ फुटांच्या वेळी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा तेच चॅनेल आता दीड डेसिबलच्या आसपास वर होतं. कागदावरच्या १.९ मधलं थोडं हाताने ठोकलेल्या पट्ट्यांत गेलं. पण डिजिटल चित्राला उंबरठा असतो. त्याच्या खाली चौकोन फुटतात किंवा पडदा काळा राहतो, वर गेलं की चित्र स्वच्छ. जुन्या अॅनालॉग काळात कमी सिग्नललाही ठिणग्या उडणारं का होईना, चित्र दिसायचं. आता शेवटच्या अर्ध्या डेसिबलवर सगळं अवलंबून असतं. पडद्यावर बर्फातून चाललेली एक मालगाडी आली आणि खाली रशियन अक्षरं धावू लागली. काकू हात पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "आता सैपाक करू का?"

घाटाखालचा पाऊस

घाट उतरून चिपळूणच्या पुढच्या एका गावात गेलो, तिथे प्रश्न निराळा होता. तिथे डिश साठ सेंटिमीटरची, फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सरकारी सेवा महिन्याचे पैसे मागत नाही, म्हणून वाडीवाडीवर आहे. ती केयू-बँडवर चालते. तरंग अडीच सेंटिमीटरचा, आणि पावसाच्या थेंबांना तो चांगलाच अडतो. सी-बँडला ज्या सरीचं काही वाटत नाही, तीच सर इथे चित्र बंद करते.

दुचाकीच्या हँडलला केबलचं वेटोळं अडकवून फिरणारा तरुण मेकॅनिक भेटला. पावसाळ्यात त्याला दिवसभर फोन येतात. लोकांची मागणी एकच, डिश मोठी लावून दे. साठच्या जागी नव्वद सेंटिमीटरची डिश लावली की साडेतीन डेसिबल मिळतात. त्याने मध्यम पावसात चित्र टिकतं, मोठ्या सरीनंतर लवकर परततं. पण कोकणातली खरी मुसळधार सर दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त खाते. "तेवढा वेळ टीव्ही बंदच राहणार, हे मी आधीच सांगतो," तो म्हणाला. इथे डिश वाढवायची म्हणजे बदलायची. ही डिश पॅराबोलाच्या एका बाजूचा तुकडा असते, एलएनबी मधोमध नसून खाली असते. तिला कडेने पत्रा जोडून काही साधत नाही. तिचा चेहरा पाहून नजरही ओळखता येत नाही. आकाशात ५९ अंशांवर पाहणारी डिश समोरच्या कौलांकडे पाहतेय असं वाटतं.

डिश बदलण्याआधी तो काय तपासतो ते त्याने दाखवलं. केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडला, आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपतं आणि सिग्नल वर्षानुवर्षं थोडा थोडा खातं. नवा कनेक्टर, वर चिकटपट्टी, आणि एलएनबीपाशी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. पुढच्या घरी अडचण नारळाच्या झाडाची होती. डिश लावली तेव्हा माड लहान होता, आता त्याच्या झावळ्या नेमक्या त्या रेषेत आल्या होत्या. तिथे डिश पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याशिवाय इलाज नव्हता. बऱ्याच घरांना मोठ्या डिशची गरजच नसते, असं त्याचं म्हणणं मला पटलं. नवी डिश विकली तर त्याला जास्त पैसे मिळतात, तरी तो हे सांगतो.

वारा हा कोकणचा दुसरा विषय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा घरांची छपरं उडाली, तिथे डिशची काय कथा. दहा फुटांच्या भरीव छत्रीवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर साडेतीनशे किलोच्या वर रेटा येतो. मोठी छत्री जाळीचीच का हवी, आणि चबुतरा तिच्याहून महाग का पडतो, याचं उत्तर त्यात आहे.

शेजारचा मनोरा

अण्णांच्या छत्रीला वाऱ्यापेक्षा मोठा त्रास आता गावातल्या मनोऱ्याचा आहे. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा ५जीला गेला. सी-बँडची चॅनेलं ३.७ पासून सुरू होतात. पण बाजारातल्या बऱ्याच एलएनबी ३.४ पासूनचं सगळं आत घेतात. उपग्रहाचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटरवरून येतो आणि मनोरा शेताच्या पलीकडे उभा. त्याच्या जोरापुढे एलएनबी बधिर होते आणि ज्या चॅनेलशी ५जीचा काही संबंध नाही तेही फुटतं. कितीही मोठी छत्री केली तरी यातून पूर्ण सुटका नाही, कारण हा सिग्नल समोरून न येता कडेने हॉर्नमध्ये शिरतो. ३.७ च्या खालचं अडवणारा फिल्टर असलेली एलएनबी लावावी लागते. अण्णांनी ती आणली आहे. फिल्टरही स्वतःचे काही अंश डेसिबल घेतो, त्यामुळे कमावलेल्या दीडमधून तेवढे वजा.

जुन्नरहून निघताना अण्णांनी मला खांबाजवळ नेलं. मुख्य दोन बोल्ट त्यांनी अजून पुरते आवळलेले नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य ८० अंशांच्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या काही मिनिटांत सूर्याच्या गोंगाटाने चित्र जातं, आणि छत्रीचा नेम बरोबर असेल तर हॉर्नची सावली जाळीच्या मधोमध पडते. मीटर नसलेल्या काळात केबलवाले असंच तपासत. सावली किती बोटं सरकली आहे ते पाहून शेवटचा फेरा द्यायचा. भाच्याने त्या बोल्टांवर लाल नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत, आणि तोवर पाना काकूंच्या ताब्यात आहे.